बेचोचं वळण

त्सियाला म्हणते, आधी आकाश.
सगळ्यात लांबचं आधी, काका, जवळचं शेवटी.
वय तिचं सव्वीस. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स
तिच्याहून चार वर्षांनी थोरला.

दर गुरुवारी, पोरं घरी गेली की,
मेस्तियाच्या शाळेत चित्रकलेच्या खोलीत
लहान बाकावर गुडघे मुडपून बसतो मी.
टर्पेंटाइनचा वास आला की बरं वाटतं.
डिझेलचा लांबचा भाऊबंद असावा.

पहिला थर पातळ, दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा.
उंबर नि थोडा निळा. चिंधीनं पुसून घ्यायचा.
मग थांबायचं.
वाळेपर्यंत थांबणं मला नवीन नाही.
दरड कोसळली की असाच बसायचो:
इंजिन बंद, खाली एंगुरीची घरघर,
मागे कुणाच्या तरी मांडीवर कोंबडी
आणि कुणीतरी विचारणार, मुर्ताझ, अजून किती?

दुसरा थर लांबच्या डोंगरांचा, निळ्यात राख कालवून.
तिसऱ्यात रान. तिथं मी घोळ घातला,
ओल्यावर ओलं चढवलं, सगळ्याचा चिखल झाला.
खरवडून काढला तिनं सुरीनं, एक शब्द न बोलता.

चौथ्या गुरुवारी चपटा ब्रश हातात दिला.
म्हणाली, मनगट सैल सोडा.
मनगट!
एकतीस वर्षं झुगदिदी ते मेस्तिया,
या मनगटाला घाटाचं वळण न् वळण पाठ.
कड्याची धार ओढताना ते आपसूक
दुसऱ्या गिअरवर येतं,
घळीपाशी दम खातं,
मग सोडतं स्वतःला उतारावर, ब्रेकवर पाय ठेवून.
त्सियाला बघत राहिली.
हे कुठं शिकलात?

मग आला उश्बा.
ट्यूबमधला पांढरा पिळला मी, फासला सरळ दोन्ही शिंगांवर.
ती म्हणाली, हा बर्फ नाही, हा चुना.
बर्फाला आपला रंग नसतो, काका.
संध्याकाळचा आठवा ना, इतका पाहिलाय तुम्ही.

कसं सांगावं पोरीला.
बेचोच्या वळणावर तो एकदम समोर येतो म्हणतात.
त्याच वळणावर उजवीकडे दरी
आणि समोरून लाकडं भरलेले ट्रक.
माझे डोळे रस्त्यावर.
मागून तेवढं 'आहाहा' ऐकू यायचं,
दर फेरीला, जणू तिकिटात धरलेलं.

वर आरशात बघायचो मी, पापणीभर वेळ.
सगळे चेहरे एकाच बाजूला वळलेले.
पोलंडचे गिर्यारोहक, उघड्या तोंडाची नवी नवरी,
पिठाच्या पोत्यावर बसलेला पोलीस,
आणि एकदा लमझिरा,
झुगदिदीच्या दवाखान्यातून एकटी परतणारी,
रिपोर्टची चौघडी मुठीत.
ती काही बोलली नाही.
पण रंग तिच्याही गालावर चढलाच,
कपाळावर, रुमालाच्या काठावर,
घट्ट मिटलेल्या ओठांवर.

तो आठवला.
पांढऱ्यात ओकर, नखाएवढा लाल,
आणि रिपोर्टच्या कागदासारखा जरासा निळा, सावलीकडं.
ब्रश जवळजवळ कोरडा. रान दुखवायचं नाही,
वरून नुसता फिरवायचा,
म्हातारीच्या गालावरून हात फिरवावा तसा.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा नाही.

त्सियालानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
रंग कुठून आणलात?
आरशातून, म्हणालो.
तिला वाटलं, थट्टा करतोय.

येत्या गुरुवारी रस्ता.
जवळचं शेवटी.
एक गाडी काढणार आहे, अंगठ्याएवढी, मळकट पिवळी,
बेचोच्या वळणावर,
जिथं थांबायला सक्त मनाई आहे तिथंच,
ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं.